वेतन आयोग वेगळा, वेतन करार वेगळा

पर्वरीच्या सचिवालयातला एलडीसी (कनिष्ठ कारकून), पणजीतली बँक क्लार्क आणि वास्कोतला पोर्ट कामगार, तिघांनाही आपल्या गोव्यात लोक एकच विचारतात, 'तुमचा आयोग कधी लागणार?' पण बँकवाल्यांना न् पोर्टवाल्यांना आयोग लागतच नाही, त्यांचा करार होतो, आणि हे माहीत नसलं की मागणी भलत्याच दारात जाते.

आयोग सरकार नेमतं. तो निवेदनं घेतो, अहवाल देतो, किती मान्य करायचं ते परत सरकारच ठरवतं. सातव्या आयोगाने किमान बेसिक १८,००० सांगितलं, संघटना २६,००० मागत राहिल्या, राहिलं १८,०००च. संपाचं म्हणाल तर सरकारी कर्मचाऱ्याला तो मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये सांगून टाकलंय.

करारात दोघं समोरासमोर बसतात आणि दोघांच्या सह्या लागतात. फक्त मालकाच्या खुर्चीत तुमचा मॅनेजर नसतो. सरकारी बँका आधी लेखी अधिकार देतात, मग त्यांच्या वतीने इंडियन बँक्स असोसिएशन बोलते, समोर नऊ संघटनांचा फोरम. पहिला करार १९६६चा, बारावा ८ मार्च २०२४चा, १७ टक्के वाढ, लागू १ नोव्हेंबर २०२२पासून. (हा करार फक्त कामगार वर्गाचा, अधिकाऱ्यांची वेगळी 'जॉइंट नोट' होते.)

मुरगाव पोर्टाचंही तसंच, पगारवाढ इथले चेअरमन देत नाहीत, सगळ्या मोठ्या बंदरांच्या वतीने इंडियन पोर्ट्स असोसिएशन बोलणी करते. २०२४ मध्ये २८ ऑगस्टपासून बेमुदत संप ठरलेला, आदल्या दिवशी दिल्लीत कामगार युनियनांच्या सहा फेडरेशनांशी समझोता झाला, बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) यावर साडेआठ टक्के वाढ, १ जानेवारी २०२२पासून पाच वर्षं. कुणी म्हणतं दिल्लीतल्या बोलण्यांत आपल्या बंदराचं कोण ऐकतो, पण मला ही पद्धत कामगाराच्या भल्याची वाटते, कारण २०१२च्या खाणबंदीनंतर इथला खनिज माल आटला तेव्हा मुरगावच्या कामगारांना एकट्याने पगार मागावा लागला असता तर पोर्टाने तोटा दाखवून हात वर केले असते.

क्वार्टर्सची गळती, ड्युटी, बदली हे मात्र इथल्या पोर्ट कचेरीत, सड्यावरच भांडून सोडवायचं, त्यासाठी दिल्लीची वाट बघू नका. पोर्टाच्या पगाराचा करार ३१ डिसेंबर २०२६ला संपतोय, तेव्हा क्लास थ्री-फोरच्या मंडळींनी आपल्या मागण्या युनियनला लेखी द्या आणि त्या फेडरेशनपर्यंत पोचल्या का तेही विचारा.