पहिल्या पिशवीला चालून जातं! जनावरांना रक्त चढवण्यामागची जुनी गोष्ट

गोठ्यात गायीला रक्त चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना एक प्रश्न हमखास पडतो, की अहो हिचा रक्तगट कुणी बघितलाच नाही! गोचीड लागून थायलेरिया झालेली, अंगातलं रक्त पार उतरलेली एचएफ गाय, डोळ्याची पापणी उलटली तर आतून पांढरीफटक. डॉक्टर येतात, गोठ्यातल्याच एखाद्या धडधाकट गायीच्या मानेची शीर फुगवून पिशवीत रक्त काढतात आणि तीच पिशवी वाशाला टांगून आजारी गायीला लावतात. ना लॅब, ना रिपोर्ट. माणसांच्या दवाखान्यात असं कुणी केलं तर केस होईल. इथे मात्र बऱ्याचदा गाय तरते. ती का तरते, आणि हेच पंधरा दिवसांनी परत केलं तर जिवावर का बेतू शकतं, हे कळायला माणसाला जवळपास तीनशे वर्षं लागली, आणि गंमत म्हणजे या गोष्टीत मेंढी पहिल्यांदा येते ती रक्त घेणारी म्हणून नाही, देणारी म्हणून.

रक्त अंगात गोल फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये छापून सांगितलं, त्याच्या आधी रक्त चढवायची कल्पना सुचायचं तसं काही कारणच नव्हतं. मग १६६५ च्या सुमारास ऑक्सफर्डला रिचर्ड लोअरने एका कुत्र्याचं रक्त मरायला टेकेपर्यंत काढून घेतलं आणि दुसऱ्या मोठ्या कुत्र्याच्या मानेच्या धमनीतून त्याच्या शिरेत रक्त सोडलं, तर ते उठून बसलं. म्हणजे बघा, पहिला प्रयोग कुत्र्याचं रक्त कुत्र्याला असा सरळ होता. तिथेच थांबून कुणी गायीचं गायीला, मेंढीचं मेंढीला करून बघितलं असतं तर पुढचा बराच गोंधळ टळला असता. पण सगळ्यांना घाई होती माणसाची.

१५ जून १६६७ ला पॅरिसमध्ये जाँ-बाप्तिस्त दनी या डॉक्टरने तापाने खंगलेल्या एका पोराला कोकराचं रक्त दिलं. पोराच्या अंगातलं रक्त आधीच्या वैद्यांनी वीसेक वेळा काढून झालेलं होतं, ते वेगळंच. दनीचं म्हणणं असं की माणूस दारू पितो, चिडतो, नाही नाही ते खातो, त्यामुळे त्याचं रक्त नासतं, जनावराचं कसं शुद्ध. पोरगं वाचलं. बहुतेक रक्त थोडंच गेलं होतं म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनला लोअर आणि एडमंड किंग यांनी आर्थर कोगा नावाच्या जरा सटकलेल्या माणसाला २० शिलिंग देऊन मेंढीचं रक्त चढवलं. मेंढीचंच का, असं विचारल्यावर या बाबाने चक्क लॅटिनमध्ये उत्तर दिलं, की ख्रिस्त हा देवाचं कोकरू आहे म्हणून. तोही वाचला.

मग आला अँत्वान मोरुआ. डोकं फिरल्यावर पॅरिसच्या रस्त्यावर उघडा हिंडणारा माणूस, त्याला शांत करायला दनीने डिसेंबर १६६७ मध्ये वासराचं रक्त दिलं. पहिल्या वेळी फारसं काही झालं नाही. एक-दोन दिवसांनी दुसऱ्यांदा दिलं, जरा जास्त दिलं, आणि हाताची आग व्हायला लागली, नाडी धावायला लागली, कपाळावर घाम, कंबरेत कळा, छाती दाटून आली. सकाळी लघवी झाली ती चुलीतली काजळी कालवल्यासारखी काळी. दनीने हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं पण त्याला वाटलं की चला, डोक्यातली घाण बाहेर पडली! १६६८ च्या सुरुवातीला मोरुआ मेला, खटला झाला, त्यात बायकोनेच विष घातल्याचं निघालं आणि दनी सुटला. पण रक्त चढवणं बदनाम झालं ते झालंच, पुढे दीडशे वर्षं जवळजवळ कुणी हात लावला नाही.

ही काळी लघवी लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

१८१७ च्या आसपास एडिनबरोला शिकणाऱ्या जॉन लीकॉक नावाच्या पोराने कुत्री आणि मेंढ्यांवर प्रयोग करून सांगितलं की देणारा आणि घेणारा एकाच जातीचा पाहिजे, म्हणजे कुत्र्याला कुत्र्याचं, मेंढीला मेंढीचं. जेम्स ब्लंडेलने ते पुढे नेलं आणि माणसाला माणसाचंच रक्त द्यायला लागला. एवढं झाल्यावर विषय मिटायला हवा होता ना? नाही मिटला. १८७४ मध्ये जर्मनीत ऑस्कर हासेने माणसाला कोकराचं रक्त चढवण्यावर पुस्तकच काढलं आणि युरोपभर परत तीच लाट. कारण साधं होतं, रक्त बाहेर काढलं की गोठतं आणि त्यावर तेव्हा धड उपाय नव्हता, पण कोकरू शेजारी बांधून त्याच्या धमनीतून थेट नळी लावता यायची. मग पोनफिक आणि लांडोइस यांनी दाखवलं की परक्या जातीच्या तांबड्या पेशी अंगात गेल्या की फुटतात, आणि लघवीतून काळं जातं ते त्या फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन. तेव्हा जर्मन डॉक्टरांत एक जोक चालायचा की रक्त चढवायला तीन मेंढरं लागतात, एक देणारं, एक घेणारं आणि एक चढवणारं.

आता जनावरांकडे. फ्रँकफर्टला पॉल एर्लिख आणि मॉर्गनरोथ यांनी १९०० मध्ये शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं. काही दिवसांनी त्या शेळ्यांचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी, इतर शेळ्यांच्या तांबड्या पेशी फोडायला लागलं, स्वतःच्या पेशींना मात्र अजिबात धक्का नाही. म्हणजे शेळी-शेळीतही रक्तात फरक असतो. पुढच्याच वर्षी लँडस्टायनरने माणसाचे ए बी ओ गट सांगितले आणि शेळ्या बिचाऱ्या मागे पडल्या.

गायींचं प्रकरण बुळकांडीतून, म्हणजे गुरांच्या रिंडरपेस्ट या साथीतून निघालं, आणि यात आपला पण थोडा संबंध आहे. बुळकांडीने गावच्या गावं बैलांवाचून बसायची, म्हणून इंग्रज सरकारने १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलवली, आजच्या आयव्हीआरआयचं, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ तेच, आणि तिथे पुढे बुळकांडीचं सिरम तयार व्हायला लागलं. हे सिरम करायचे कसे, तर वाचलेल्या जनावराला आजारी जनावराचं रक्त टोचायचं, आणि मग त्याचं रक्त काढून सिरम वेगळं करायचं. नीट बघितलं तर हे रक्त चढवणंच झालं की! कैरोच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये टॉड आणि व्हाइट यांच्या ते लक्षात आलं. १९१० मध्ये त्यांनी बऱ्याच बैलांचं असं सिरम एकत्र केलं, त्यात एकाच बैलाच्या पेशी घालून घालून त्याच्यापुरती सगळी ताकद शोषून घेतली, आणि उरलेलं सिरम बाकी बैलांच्या पेशी फोडायचं, फक्त त्या एका बैलाला सोडायचं. एकेक बैल रक्तावरून ओळखता येत होता!

यातूनच १९४० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनला गायीबैलांचे रक्तगट शोधायचं मोठं काम झालं. तिथल्या रे ओवेनकडे एक भन्नाट केस आली. गर्न्सी जातीच्या एका गायीवर आधी गर्न्सी बैल गेला, मग हेरफर्ड या दुसऱ्या जातीचा बैल, आणि तिला जुळी झाली, एक गर्न्सी दिसणारी कालवड आणि एक हेरफर्डसारख्या पांढऱ्या तोंडाचा गोऱ्हा. बाप दोन, तरी दोघांचं रक्त तेच, सरमिसळ. पोटात असतानाच एकमेकांचं रक्त एकमेकांत गेलं होतं आणि दोघांच्याही अंगाने ते आपलंच धरलं. ओवेनने हे १९४५ मध्ये छापलं, आणि पुढे परका अवयव शरीर का नाकारतं हे समजायची वाट तिथून निघाली.

तर माणसाची ए बी ओ ही जशी एक रक्तगट पद्धती, तशा गायीत अकरा निघाल्या, मेंढीत सात, आणि गायीच्या एकट्या बी पद्धतीतच इतके प्रकार की दोन गायींचं रक्त अगदी तंतोतंत जुळणं जवळपास अशक्य. मग गाय तरते कशी? तर माणसाच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धची अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर तुटून पडणारं प्रथिन, आधीपासून तयार असते, ए गटवाल्याला बी दिलं की पहिल्याच पिशवीला घात. गायी-मेंढ्यांत तशा तयार अँटीबॉडी क्वचित आणि त्याही कमजोर असतात. पण एकदा परकं रक्त गेलं की अंग ते ओळखून ठेवतं आणि आठवड्याभरात तयारीत असतं.

याचा सगळ्यात वाईट फटका बसला तो लसीतून. बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा या गोचिडाच्या आजारांवरच्या काही लसी गायींच्याच रक्तापासून बनवायचे, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत. लस घेतलेल्या गायीच्या अंगात त्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार व्हायच्या, त्या चिकात उतरायच्या आणि टुणटुणीत जन्मलेलं वासरू आईचा चीक पिऊन मरायचं. मेंढ्यांत थोडा वेगळा प्रकार. आई नसलेल्या कोकरांना काही गायींचा चीक पाजला की दोन-तीन आठवड्यांत ती पांढरी पडतात, कारण त्या चिकातल्या अँटीबॉडी मेंढीच्या पेशींवर बसतात, आणि अशा कोकराला वाचवायचं तर दुसऱ्या मेंढीचं रक्त द्यावं लागतं.

गोठायचा प्रश्न १९१४-१५ मध्ये सायट्रेट या रक्त गोठू न देणाऱ्या क्षाराने सोडवला, म्हणून आज रक्त पिशवीत घेऊन गोठ्यात नेता येतं. आणि म्हणूनच जाणता डॉक्टर सुई लावायच्या आधी मालकाला विचारतो, "दादा, हिला आधी कधी रक्त लावलंय का?" नाही म्हटलं तरी सुरुवातीला थेंब थेंबच सोडतो, एक हात गायीच्या अंगावर, कातडी थरथरते का, धाप लागते का बघत, रिॲक्शन आलीच तर खिशात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तयार. आणि जाताना सांगून जातो की आज-उद्या मुतताना बघा, लाल-काळं आलं तर लगेच फोन करा.