राजकारणी बायकोचा संसार: दोष धर्माचा की वाटणीचा?

मुस्लिम घरातली बाई राजकारणात उतरली की तिच्या संसाराची चर्चा सुरू होते आणि घरात जे काही विषम दिसेल त्याचं खापर थेट धर्मावर फुटतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे असले निष्कर्ष मला संतापजनक वाटतात, कारण त्यांत तुलनाच नसते.

मुस्लिमबहुल इंडोनेशियाच घ्या. 1974च्या विवाह कायद्याचं 31वं कलम आधी पती-पत्नीचे हक्क समतोल असल्याचं सांगतं आणि त्याच कलमात पुढे नवऱ्याला कुटुंबप्रमुख, बायकोला गृहिणी ठरवतं. हा कायदा तिथल्या ख्रिश्चनांना आणि हिंदूंनाही लागू आहे. 2001 साली मेगावती सुकर्णोपुत्री राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हाही कलम जागेवरच होतं. बाई राष्ट्राध्यक्ष नको म्हणणारे मुस्लिम पक्षाचे नेते हमझा हाझ त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष झाले!

मग पदाचा संसारावर होणारा परिणाम मोजायचा कसा? नुसत्या घटस्फोटित नेत्या मोजून भागत नाही. मुळात वेगळ्या घरांतल्या बायकाच राजकारणात येत असतील, तर फरक पदाचा की घराचा हे कळणार नाही. स्वीडनमध्ये ओले फोल्के आणि योहाना रिकने या संशोधकांनी महापौरपद किंवा खासदारकी मिळालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या उमेदवारांची तुलना केली. दोन्ही गट तितकेच महत्त्वाकांक्षी, फरक फक्त निकालाचा. निकालाआधी दोन्ही गटांचे संसार सारखेच चालले होते. नंतर मात्र जिंकलेल्या बायकांत घटस्फोटाची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली, पुरुषांत तसं काही झालं नाही. हे घडलं स्वीडनमध्ये, मुस्लिमबहुल देशात नव्हे, बरं का.

खरी गंमत पुढे आहे. ही वाढ मुख्यतः अशा जोडप्यांत दिसली, जिथे नवरा वयाने बराच मोठा होता आणि मुलांसाठीची रजा बहुतांशी बायकोनेच घेतली होती. ज्यांनी रजा बरोबरीने वाटून घेतली, त्यांच्यात पदामुळे फारसा फरक पडला नाही. म्हणजे ताण पदापेक्षा सुरुवातीलाच ठरलेल्या वाटणीतून येतो.

हीच कसोटी इंडोनेशियात लावता येईल. तिथे पक्षाच्या उमेदवार यादीत दर तीन नावांत किमान एक बाई असते आणि 2009पासून एकाच पक्षाचे उमेदवार आपापसांतही मतांसाठी झुंजतात. थोडक्या मतांनी जिंकलेली आणि हरलेली एकाच यादीत सापडू शकते. त्या दोघींच्या घरी मुलांना शाळेत कोण सोडतं, स्वयंपाक कोण करतं, ते विचारायला हवं.