पार्श्वभूमी : एका स्क्रीनवर दोन अ‍ॅप, फोनला एवढा उशीर का लागला?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आली. त्याआधीपासूनच योजनांचे अर्ज, विम्याचे फॉर्म, बँकेची कामं फोनवर सरकत होती. रावेर-यावलकडचा केळीवाला बांधावर उभा राहून फॉर्म भरतो, गट नंबर बघायला सातबाऱ्याची पीडीएफ उघडतो आणि परत येतो, तर काही वेळा फॉर्म पुन्हा कोरा. हेच काम तालुक्याच्या सेतू केंद्रातला मुलगा डावीकडे सातबारा, उजवीकडे फॉर्म ठेवून बोलता बोलता उरकतो. दोष शेतकऱ्याचा नाही. दोन्ही यंत्रं वेगळ्या गृहीतकांवर उभी आहेत.

संगणकही जन्मतः हुशार नव्हता, हे मात्र विसरायला नको. अ‍ॅपलचा १९८४ चा पहिला मॅकिंटॉश संगणक १२८ केबी मेमरीचा होता आणि एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायचा. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोज १.० मध्ये खिडक्या एकीला एक लागून बसायच्या, एकमेकींवर चढत नसत. ती सोय १९८७ च्या अखेरीस विंडोज २.० मध्ये आली, आणि त्यापाठोपाठ अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं.

खरी अडचण खिडक्यांची नव्हती, प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी चिप, कोणत्या प्रोग्रॅमने कधी वापरायची या पाळीची होती. विंडोज ३.१ पर्यंत प्रत्येक प्रोग्रॅमने आपणहून पाळी सोडायची, असा मामला होता. एकाने सोडली नाही की बाकीचे अडकले. विंडोज ९५ पासून, निदान नव्या ३२ बिटच्या प्रोग्रॅमांसाठी, पाळी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज, स्वतः काढून घेऊ लागली. जळगाव-धुळ्याच्या डीटीपी दुकानांत एकीकडे पेजमेकर, दुसरीकडे कोरलड्रॉ उघडं ठेवून लग्नपत्रिका जुळवणारी पिढी याच काळात तयार झाली. मेमरी संपली तर संगणक मागचा मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवायचा. काम रखडत चाले, पण उघडलेली फाइल सहसा जात नसे.

फोन बनवणाऱ्यांसमोर हिशेब निराळा होता. विजेची तार नाही, पंखा नाही, बॅटरी बोटभर. नोकियाच्या सिम्बियन फोनमध्ये एकाहून जास्त प्रोग्रॅम चालत, ते खरं. पण २००७ च्या आयफोनने वेगळी वाट धरली: समोर एकच अ‍ॅप, आणि २००८ मध्ये बाहेरच्या कंपन्यांची अ‍ॅप आली तेव्हा त्यांना मागे, म्हणजे स्क्रीनवर दुसरं अ‍ॅप असताना, चालायची मुभाच नव्हती. आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०१० च्या आवृत्तीने, आयओएस ४ ने, ती दिली, तीही मोजूनमापून: गाणं, इंटरनेटवरचा कॉल, लोकेशन अशा ठरावीक कामांपुरती. १२८ एमबी रॅमच्या आयफोन ३जीला तेवढंही मिळालं नाही.

अँड्रॉइडने पहिल्यापासून अ‍ॅप मागे राहू दिली, पण एका अटीवर: मेमरी कमी पडली की सिस्टिम मागचं अ‍ॅप न विचारता बंद करणार. बंद होण्याआधी आपली स्थिती जपून ठेवणं ही अ‍ॅप बनवणाऱ्याची जबाबदारी. त्याने ती पाळली नसेल, तर कोरा फॉर्म. काही कंपन्या बॅटरी जास्त टिकावी म्हणून यापुढे जाऊन मागची अ‍ॅप आणखी तडकाफडकी बंद करतात. (यूट्यूबवरचं गाणं स्क्रीन बंद केल्यावर थांबतं, ते मात्र यातलं नव्हे. ती परवानगी पैसे भरून मिळते.)

स्क्रीनचे दोन भाग करायला सॅमसंगने २०१२ मध्ये नोट मालिकेतून सुरुवात केली, पण ती त्यांची खासगी सोय होती. आयपॅडला २०१५ मध्ये आयओएस ९ ने अशी सोय दिली. अँड्रॉइडमध्ये ती सर्वांसाठी आली २०१६ च्या ‘नूगा’ आवृत्तीत, म्हणजे ७.० मध्ये. गंमत अशी, की तिथे दोन अ‍ॅप एकीखाली एक चिकटून बसत होती. विंडोज १.० ची मांडणी एकतीस वर्षांनी खिशात आली.

दोन्ही दिसतात म्हणून दोन्ही जागी असतात असंही नव्हतं. सुरुवातीला ज्या अ‍ॅपला हात लागला तेच पूर्ण जागं, दुसरं दिसत असूनही थांबलेल्या अवस्थेत. त्यामुळे वर लेक्चर, खाली नोट्स घेऊन बसलेल्या स्पर्धा परीक्षेवाल्याने नोट्सला बोट लावलं की काही अ‍ॅपमधला व्हिडिओ अडायचा. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने दिसणारी दोन्ही अ‍ॅप जागी ठेवायची वाट खुली केली. तरीही अनेक अ‍ॅप फोनवर अर्ध्या स्क्रीनमध्ये यायला नकार देतात, कारण तो हक्क बनवणाऱ्याला दिलेला आहे.

विंडोज १.० सोडली, तर संगणकाचा प्रवास याच्या उलट झाला. आधी खिडक्यांचा ढीग, मग २००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडकी कडेला नेली की अर्धी स्क्रीन, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तयार चौकटी. आयफोनमध्ये आजही दोन अ‍ॅप शेजारी मांडता येत नाहीत. कमी रॅमच्या स्वस्त फोनांसाठी काढलेल्या अँड्रॉइड गो मध्येही ही सोय सहसा नसते, आणि मागचं अ‍ॅप बंद पडण्याची शक्यताही तिथेच जास्त. तेव्हा अशा फोनवर फॉर्म उघडण्याआधी गट नंबर कागदावर उतरवून घेतलेला बरा.