रात्री साडेनऊला वीज तोडण्याची धमकी

‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ आणि खाली एक दहा आकडी मोबाइल नंबर. 2022 मध्ये असे मेसेज महाराष्ट्रभर फिरले, महावितरणला जाहीर इशारे द्यावे लागले, आणि थोड्याफार फरकाने ते अजूनही येतात. नाशिकच्या सातपूरला राहणाऱ्या माझ्या आत्याला तो आला तेव्हा बिल भरल्याची पावती तिच्या कपाटात होती. तरीही ती घाबरली. यात तिचा भोळेपणा शोधू नये. तो मेसेज घाबरवण्यासाठीच बेतलेला असतो आणि त्यातला शब्द न् शब्द कामाला लावलेला असतो.

साडेनऊच का? तोवर वीज कार्यालय बंद झालेलं असतं, बँक बंद असते, घरातलं कर्तं माणूस अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला असतं. खातरजमा करायचे सगळे मार्ग बंद आणि उघडा एकच, मेसेजमधला नंबर. शिवाय काही मिळण्याच्या आशेपेक्षा हातातलं जाण्याची भीती माणसाला जास्त हलवते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा हा गाभा आहे. नंबर फिरवला की पलीकडचा ‘अधिकारी’ अगदी अदबीने बोलतो, स्क्रीन शेअर करणारं एखादं ॲप टाकायला सांगतो आणि ‘फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल’ म्हणतो. ते दहा रुपये भरताना आपण जे जे टाइप करतो आणि जो ओटीपी येतो, ते सारं त्याला दिसत असतं.

आता एक प्रश्न. हे मेसेज इतके ढोबळ का असतात? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मक हर्ली यांनी 2012 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. घबाडाचं आमिष दाखवणारे, नायजेरियाच्या नावाने येणारे ते कुप्रसिद्ध ईमेल इतके उघड खोटे का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं उत्तर असं की लाखो लोकांना मेसेज पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. खरा खर्च होतो तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी तासन्‌तास बोलण्याचा. अर्ध्या वाटेत ज्याला संशय येईल असा माणूस भामट्यांना तोट्याचा. म्हणून मेसेज ही एक चाळण असते. शंकेखोर माणसं पहिल्याच फटक्यात खाली पडावीत आणि विश्वास ठेवणारी तेवढी वर राहावीत, एवढ्यासाठी ती भोकं पाडलेली असतात. अर्थात आता गप्पा मारायचं कामही यंत्राकडून करून घेता येतं, त्यामुळे ही चाळण पुढे अशीच राहील असं नाही. ‘अशुद्ध भाषेवरून ओळखा’ हा सल्ला तर मी देणं सोडून दिलं आहे. हल्ली अशा मेसेजचं मराठीही चांगलं असतं.

हे गणित कळलं की उत्तर का द्यायचं नाही, तेही कळतं. आपण चिडून ‘पोलिसांत देईन’ असं लिहिलं, तरी तीन गोष्टी पलीकडे कळतात: नंबर चालू आहे, मेसेज वाचला जातो, आणि हे माणूस उत्तर देतं. ‘ओळखलंत का?’ एवढाच मेसेज येतो, तेव्हा भामट्याला हवं असतं तेही एवढंच. आयफोनवर अनोळखी माणसाच्या आयमेसेजमधली लिंक उघडत नाही. आपण उत्तर दिलं की उघडते. म्हणून पार्सलच्या खोट्या मेसेजमध्ये ‘आधी वाय लिहून पाठवा’ अशी विनंती असते. तिथे उत्तर देणं म्हणजे स्वतःच्या हाताने कडी काढून देणं.

पण मुळात हा मेसेज आपल्यापर्यंत पोहोचतो कसा? पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये गेला. कॉल जोडण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात जी वाहिनी असते, तिच्यातल्या मोकळ्या जागेतून तो पाठवायची ही युक्ती. एका मेसेजला 140 बाइट, म्हणजे इंग्रजीची 160 अक्षरं आणि देवनागरीची 70 चिन्हं. एवढ्या चिंचोळ्या जागेत पाठवणारा खरा कोण, हे सिद्ध करणारी सोय कोणी ठेवलीच नाही.

ती उणीव आपल्याकडे बाहेरून भरून काढली आहे. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार बँका, कंपन्या, सरकारी खाती यांना आपलं सहा अक्षरी नाव आणि मेसेजचा नमुना आधी नोंदवावा लागतो. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही येतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. साध्या सिमकार्डावरून एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेला मेसेज मात्र या नोंदणीतून जात नाही. भामटे दहा आकडी नंबर वापरतात ते यासाठीच. तेव्हा ‘महावितरण’ किंवा ‘बँक’ दहा आकडी नंबरावरून लिहू लागली, की पुढचं वाचायचीही गरज नाही.

उलट बाजू मात्र तितकी सोपी नाही. नाव ओळखीचं दिसलं म्हणून मेसेज खरा असेलच, असं नाही. टूजीच्या जुन्या रचनेत फोनला टॉवरपुढे आपली ओळख पटवावी लागते, टॉवरला फोनपुढे नाही. याचा फायदा घेऊन गाडीत मावेल एवढा खोटा टॉवर लावतात आणि आसपासच्या फोनवर हव्या त्या नावाने मेसेज टाकतात. फोन बिचारा नाव पाहून तो बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेतच ठेवतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच नव्या फोनमध्ये टूजी बंद करायची सोय आहे. ज्यांना टूजीची गरज पडत नाही त्यांनी ती जरूर वापरावी.

लिंक उलटीकडून वाचायची सवय लावा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्या आणि शेवट पाहा. परिवहन खात्याच्या खऱ्या ई-चलानचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. सुरुवातीला ‘परिवहन’, ‘चलान’, ‘महाराष्ट्र’ काहीही असो, शेवटी ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ असेल तर ती सरकारी साइट नाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट ठरवून दिला आहे. एमएच 15 च्या गाडीचं चलान असो, पिंपळगावच्या द्राक्षबागाईतदाराला आलेला पीएम किसानचा मेसेज असो, की 2027 च्या सिंहस्थासाठी तंबूचं बुकिंग. मेसेजमधल्या वाटेने जायचंच नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा, नाहीतर बिलावर छापलेल्या नंबरवर विचारायचं.

सगळ्यात घातक आहे ती एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट ॲप बसवणारी फाइल. ‘चलान पाहा’ म्हणून ती येते आणि बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की पुढे येणारा प्रत्येक ओटीपी आपल्या नकळत पलीकडे जातो. आपण कोणाला ओटीपी सांगितलेला नसतो, आणि तरीही खातं रिकामं होतं. गॅलरी किंवा कॅल्क्युलेटरसारख्या ॲपला एसएमएसची परवानगी आहे का, हे आज सेटिंगमध्ये जाऊन एकदा पाहाच.

नुसता मेसेज आला असेल तर उत्तर न देता नंबर ब्लॉक करावा. पण त्याआधी तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ विभागात नोंदवावा. जाहिरातींचा त्रास असेल तर 1909 वर तक्रार करावी. या तक्रारींवरूनच संशयित नंबर शोधून बंद केले जातात, म्हणून ही दोन मिनिटं फुकट जात नाहीत.

पैसे गेले असतील, तर लाजेपायी रात्र घालवू नका. चोरलेली रक्कम काही वेळातच इतरांकडून भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पुढे सरकत जाते आणि जिथे अजून पडून असते तिथेच ती गोठवता येते. एपीके बसली असेल तर त्या फोनचं इंटरनेट आधी बंद करा, दुसऱ्या फोनवरून 1930 ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन लावा, मग बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपला खातेक्रमांक कागदावर लिहून हाताशी ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेने सोसायचं.