दक्षिण मुंबई: कुणी राहायचं, कुणी कामाला यायचं

२००१च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. दहा वर्षांनी ती ३० लाख ८५ हजारांवर आली. उपनगरं मात्र वाढतच होती. गिरगावातली खोली विकून डोंबिवलीला किंवा बोरिवलीला ऐसपैस जागा घेतलेलं एखादं तरी कुटुंब प्रत्येकाच्या ओळखीत असतं, त्यामुळे या आकड्यांचं मुंबईकराला फारसं नवल वाटलं नाही. त्याच कुटुंबांतली कमावती माणसं रोज सकाळी लोकलने पुन्हा चर्चगेट नाहीतर सीएसएमटीलाच उतरत होती. टाऊनमध्ये, म्हणजे दक्षिण मुंबईत, राहण्याची ओढ आणि तिथे काम करण्याची ओढ या दोन्ही क्वचितच एका वाटेने चालल्या आहेत.

कोटाला, म्हणजे आजच्या फोर्टाला, तटबंदी होती तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत होत्या: खाली पेढी, वर बिऱ्हाड. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि देशी वस्तीचा ओघ मैदानापलीकडे भुलेश्वर, काळबादेवी, मांडवीकडे वळला. तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं ते मैदान आज आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज अशा तुकड्यांत उरलं आहे. सधन इंग्रजांनी भायखळा, परळ, मलबार हिलला बंगले बांधले. खुद्द गव्हर्नरचा मुक्काम परळला असे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडायला घेतला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय उभं राहिलं. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तो कचेऱ्यांचा भाग तेव्हा घडला.

१८९६च्या प्लेगने उरलीसुरली दाट वस्ती हादरली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला आखीव प्लॉट पाडले. पांढरपेशा मध्यमवर्ग तिकडे सरकला. रोज ट्रामने किंवा गाडीने ‘वर’ राहून ‘खाली’ कामाला येणारा मुंबईकर इथून पुढे वाढत गेला.

यानंतरच्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाडेनियंत्रणाचा कायदा. १९४७च्या या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता. युद्धकाळात आणि फाळणीनंतर शहरात माणसांची रीघ लागली होती. पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथेच राहिलं, तेव्हा मालकाने डागडुजी सोडली आणि भाडेकरूने खोली सोडली नाही. खोलीचा ताबा देण्यासाठी एकरकमी पैसे घेण्याचा, म्हणजे पागडीचा, व्यवहार कायद्याबाहेर फोफावला. त्याला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९च्या कायद्यात. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्तीसाठी मंडळ नेमावं लागलं. मुलाचं लग्न ठरलं की दोन खणांत संसार मावेना. मग नवं जोडपं उपनगरात, आईवडील चाळीत. या कायद्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच्याच जोरावर गिरगाव, ठाकूरद्वार, फणसवाडीत मराठी माणूस आणखी दोन पिढ्या टिकला. बाजारभावाने भाडं भरावं लागलं असतं, तर तो कधीच हलला असता.

घरं अशी गोठलेली असताना कचेऱ्यांसाठी मात्र समुद्र बुजवला जात होता. बॅकबेच्या भरावातला गैरकारभार १९२०च्या दशकात खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला होता. पुढे त्याच किनाऱ्यावरच्या भरावाला त्यांचं नाव मिळालं, हा मुंबईच्या नामकरणातला नमुनेदार विनोद. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवण्याची कल्पना मांडली. सरकारने आपला कारभार तिकडे न्यावा, म्हणजे बाकीचे मागोमाग येतील, असा त्यांचा हिशेब होता. ते शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पण त्याच सुमारास नरिमन पॉइंटच्या भरावावर टॉवर चढत होते, आणि १९८१ मध्ये नवं विधान भवनही तिथेच उघडलं. कांदा-बटाट्यापासून सुरुवात होऊन घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. माथाडींनी खाडी ओलांडली, मंत्र्यांनी नाही.

१९९०च्या दशकाच्या मध्याला नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत गणली जात. नव्याने समुद्र बुजवण्यावर १९९१च्या किनारा नियमावलीने लगाम घातला होता, म्हणजे जागा वाढणार नव्हती. पाहणाऱ्याला दबदबा दिसे. आत लहान मजले, अपुरं पार्किंग आणि बऱ्याच इमारतींत मालकीचे तुकडे. उत्तरेला वांद्रे-कुर्ला संकुल आकाराला येत होतं: विमानतळ जवळ, मजले प्रशस्त, आणि कर्मचारीही आता उपनगरांतच राहणारे. तिथे राष्ट्रीय शेअर बाजार गेला, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी गेली. १९८२च्या कामगार संपानंतर ओस पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनींवर लोअर परळची ऑफिसं उगवली. ऑपेरा हाऊसचा हिरेबाजार मात्र रेंगाळला. तिथला व्यवहार गल्लीत उभं राहून, ओळखीवर आणि शब्दावर चाले. काचेच्या इमारतीत तो कसा जमावा? २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स हा नवा हिरेबाजार सुरू झाला आणि जुलै २०११च्या बॉम्बस्फोटानंतर उरलेल्यांचाही पाय निघाला.

आता काटा थोडा उलटा फिरताना दिसतो. किनारी रस्ता आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावू लागली; काळबादेवी-गिरगावात जमिनीखाली स्टेशनं झाली. नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत १६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय राज्य सरकारने केला. चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. त्यात मूळ भाडेकरूला मालकीचं घर मिळतं खरं, पण दरमहाचा देखभाल खर्च झेपला नाही तर तो ते विकून कल्याण-विरारच्या वाटेला लागतो. त्यामुळे ‘लोक टाऊनला परतत आहेत’ असं म्हणताना कोणते लोक, हे विचारायला हवं.

हायकोर्टाचा प्रश्न वेगळाच आहे. नव्या इमारतीचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये वांद्रे पूर्वेला झालं. फोर्टातल्या वकिलांच्या चेंबर, टायपिंगवाले, नोटरी, झेरॉक्सची दुकानं आणि दुपारी भरणारी उपाहारगृहं या सगळ्यांचा धंदा दीडशे वर्षांच्या त्या एका इमारतीभोवती वाढला आहे. त्यातले वकील पक्षकारांमागे वांद्र्याला जातील. गल्लीतल्या गाळ्यावर पोट असलेल्यांना तिथे जागा कोण आणि किती भाड्याने देणार, याचं उत्तर आराखड्यात सापडत नाही.