महापालिकेचा वकील नेमका कोणाचा?

महापालिकेवरच्या कुठल्याही दाव्याचं पहिलं पान काढून पाहा. प्रतिवादीच्या जागी लिहिलेलं असतं : ‘अमुक महानगरपालिका, तर्फे मा. आयुक्त’. सगळी गोम त्या ‘तर्फे’मध्ये आहे.

तिचं मूळ मुंबईत सापडतं. 1865 च्या कायद्याने शहराचा कारभार आयुक्ताच्या हाती दिला. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी कामं धडाक्यात केली, पण खर्चही तसाच केला आणि 1871 मध्ये करदाते खवळले. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी मांडलं की कारभार एकाच जबाबदार आयुक्ताकडे राहू द्या, पण त्याच्यावर निवडून आलेल्यांचा वचक ठेवा. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची महापालिका आली. त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. 1888 च्या कायद्याने ही घडी पक्की केली. एक नाव, आत दोन सत्ताकेंद्रं.

त्या काळच्या सभागृहात वकिलांचाच दबदबा. मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी, दोघेही हायकोर्टातले. त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न लपून राहणारा नव्हता. 1888 च्या कायद्याचं कलम 16 महापालिकेच्या कंत्राटात वाटा असलेल्याला अपात्र ठरवतं. पुढे 1949 चा प्रांतिक कायदा आला. आज मुंबई सोडून राज्यातल्या बाकी महापालिका त्यावर चालतात. त्याचं कलम 10 वकील-नगरसेवकाला थेट नाव न घेता गाठतं : निवडून आल्यावर, महापालिकेचा किंवा आयुक्तांचा संबंध असलेल्या प्रकरणात व्यावसायिक काम घेतलं, तर पद जातं. काम स्वतः घ्या की भागीदारीतल्या फर्मच्या नावाने, फरक नाही. महापालिकेच्या बाजूने उभे राहा किंवा विरुद्ध, तरीही नाही. (महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असेल तर मात्र चालतो. ही सवलत वाचून मला दरवेळी हसू येतं.)

म्हणजे नगरसेवकाचा वकालतनामा कायद्याने बरोबर पकडला. महापालिकेच्या स्वतःच्या वकिलाचं काय? दावा लावणं, लढवणं, कायदेशीर सल्ला घेणं हे काम मुंबईत कलम 517 ने आणि इतरत्र कलम 481 ने आयुक्तांकडे आहे. काही बाबतींत स्थायी समितीची मंजुरी लागते. विधी विभाग आयुक्तांच्या हाताखाली, पॅनेलवरच्या वकिलाला सूचनाही तिथूनच. अतिक्रमणाची नोटीस, स्थगितीचा अर्ज, पाणीपट्टीचा वाद, अशा रोजच्या कामात काही अडत नाही. आयुक्त आणि सर्वसाधारण सभा समोरासमोर आली की अडतं.

नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला आणि राज्य सरकारने तो निलंबित केला. सरकारला हा अधिकार 1949 च्या कायद्याचं कलम 451 देतं. आता अशा ठरावाच्या बचावासाठी सभागृहाला कोर्टात जायचं असेल, तर वकील कोण नेमणार? ज्यांच्याविरुद्ध ठराव आहे, त्यांचाच विधी विभाग? एकदा ज्या पक्षकाराचं काम केलं, त्याच प्रकरणात त्याच्या विरोधकासाठी उभं राहायचं नाही, हे बार कौन्सिलचे नियम वकिलाला सांगतात. पण पक्षकार दोन, हे दाव्याच्या पहिल्या पानावर दिसतच नाही.

मार्च 2022 मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. मग वकील लावणारे आणि त्याला मंजुरी देणारे एकाच खुर्चीत आले.