आयरिश माणसाचा ‘माकडचेहरा’ डार्विनच्या आधीचा

ब्रिटिश व्यंगचित्रांत आयरिश माणूस माकडासारखा दिसू लागला तो डार्विनमुळे, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र जुळत नाहीत. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं नोव्हेंबर १८५९ मध्ये. त्याच्या सोळा वर्षं आधी, १८४३ साली, ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात केनी मेडोजचं ‘द आयरिश फ्रँकेन्स्टाइन’ हे व्यंगचित्र छापून आलं होतं. आयरिश नेता डॅनियल ओ’कॉनेल तेव्हा आयर्लंडचा ब्रिटनशी झालेला संयोग रद्द व्हावा म्हणून प्रचंड सभा घेत होता; चित्रात ती चळवळ म्हणजे त्यानेच उभा केलेला शिंगवाला राक्षस. आणखी मागे गेलात, तर आयर्लंडमधल्या १७९८ च्या बंडावेळी इंग्रज व्यंगचित्रकार गिलरेने ‘युनायटेड आयरिशमन’ची, म्हणजे बंडखोरांची, चित्रं काढली, त्यांतले चेहरेही रानटीच आहेत.

मुळात चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं स्विस लेखक लाव्हाटरचं ‘शास्त्र’ अठराव्या शतकाच्या अखेरीसच बोकाळलं होतं. कपाळ मागे, जबडा पुढे, की झाला माणूस हलका! चित्रकारांना हे आयतंच मिळालं. डार्विननंतर फक्त शब्द बदलले: १८६२ मध्ये ‘पंच’ने लंडनमधल्या गरीब आयरिश मजुराला गोरिला आणि कृष्णवर्णीय माणूस यांच्यातला ‘हरवलेला दुवा’ म्हणून हिणवलं. तिरस्कार जुनाच, लेबल तेवढं नवं.